चेहरा आणि नाव : जॅझ वादकांची जुनी छायाचित्रे

यंदाच्या वसंत व्याख्यानमालेची पत्रिका हाती आली तेव्हा आमच्याच संघटनेतील एका जुन्या सहकाऱ्याने आम्हांस विचारले, "तुम्ही किमान वेतनावर बोलणार असता, कंत्राटी कामगारांवर बोलणार असता, तर समजलो असतो. हे जॅझवाल्यांच्या फोटोंचे खूळ कोठून काढलेत?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर उभ्या उभ्या देता येण्यासारखे नव्हते. ते आज बसून देतो.

प्रथम आमची पात्रता सांगतो. शाळेतील आमचे शिक्षण आठवीला थांबले. पुढचे शिक्षण पांझरेच्या दोन्ही तीरांवरील वाचनालयांत, सभांच्या मंडपांत आणि एस. टी.च्या बाकांवर झाले. संगीताचे शास्त्र आम्हांस येत नाही. यंत्रमाग कामगार, हमाल आणि लग्नसराईतले बँडवाले यांच्या संघटनेचे काम करण्यात तीस वर्षे गेली, एवढेच. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका बैठकीसाठी मुंबईस गेलो असता एक सकाळ मोकळी मिळाली, म्हणून चोर बाजारात गेलो. तेथे एका जुन्या सामानाच्या दुकानात, फुटक्या ग्रामोफोनच्या शेजारी, तपकिरी पाकिटात अकरा छायाचित्रे होती. पांढरे कोट, काळे बो, चकचकीत वाद्ये. दोनशे रुपयांस आम्ही ते पाकीट घेतले. जॅझ म्हणून घेतले असे खोटे सांगणार नाही. एका फोटोतला क्लॅरिनेट वाजवणारा इसम आम्हांस हुबेहूब आमच्या देवपुरातील एका बँडवाल्यासारखा दिसला, म्हणून घेतले.

परत आल्यावर पाकीट त्या बँडवाल्यापुढे ठेवले. सारे त्यांना आप्पा म्हणतात. पन्नाशी उलटलेली, आणि क्लॅरिनेट वाजवण्यात तीस-पस्तीस लग्नसराया गेलेल्या. आम्हांस वाटले, आपल्यासारखा चेहरा पाहून आप्पा हसतील. आप्पांनी चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. बोटांकडे पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, हाऊ फोटू उलटा शे."

मग त्यांनी आपले वाद्य काढून दाखवले. क्लॅरिनेट धरताना डावा हात वर असतो, उजवा खाली. फोटोत नेमके उलट होते. आम्ही कोटाची बटणे पाहिली. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते; येथे उजवी डावीवर आलेली. म्हणजे छापताना निगेटिव्ह उलटी बसली होती. ज्या दुकानदाराने तो फोटो विकला आणि ज्या आम्ही तो विकत घेतला, त्या दोघांनाही जे दिसले नाही, ते दहा-बारा वर्षांचा असल्यापासून बँडमध्ये वाजवणाऱ्या माणसास एका नजरेत दिसले. आमच्या संग्रहाचा आरंभ त्या दिवशी झाला असे आम्ही धरतो.

पुढे वाचनात आले की, हाच घोटाळा जॅझच्या सर्वांत प्रसिद्ध जुन्या छायाचित्राबाबतही आहे. अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स नावाचे बंदर आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या मुलानातवंडांनी जे संगीत घडवले, ते जॅझ. त्याचा पहिला मोठा वादक म्हणून बडी बोल्डन या कॉर्नेटवाल्याचे नाव घेतात. कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचे आखूड भावंड. १९०७ साली बोल्डन वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९३१ साली तेथेच वारला. जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली १९१७ साली, तीही गोऱ्या वादकांची. बोल्डनच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाही. उरले आहे ते त्याच्या बँडचे एकच छायाचित्र, सुमारे १९०५ सालचे. तेही सरळ की उलटे, याबद्दल जाणकारांत वाद आहे. एका बाजूने पाहावे तर गिटार आणि बास वाजवणारे डावरे ठरतात. फिरवून पाहावे तर क्लॅरिनेटवाल्यांचे हात चुकतात. आप्पांसमोर तो फोटो ठेवला असता तर त्यांनी काय निवाडा दिला असता, हा विचार आमच्या मनात अनेकदा येतो.

येथे कोणी म्हणेल, बोल्डन कोठे आणि देवपूर कोठे! अंतर दिसते तेवढे नाही. न्यू ऑर्लिन्सचे हे लोक आरंभी पितळी वाद्यांच्या बँडमध्येच वाजवीत. मिरवणुकीत वाजवायचे, अंत्ययात्रेत वाजवायचे, मिळेल ती बिदागी वाटून घ्यायची. दिवसा दुसरे काम, रात्री वाजवणे. आपल्या खानदेशातील बँड तुळशीच्या लग्नापासून आषाढ लागेपर्यंत वाजतो, आणि पावसाळ्यात तोच माणूस शेतावर किंवा हमालीवर जातो. वाद्येही तीच: क्लॅरिनेट, ट्रंपेट, सॅक्सोफोन, ढोल. आपल्याकडे ही वाद्ये लष्करी बँडवरून आली, आणि तिकडेही पुष्कळशी तशीच.

आणि दुसरा धागा तर थेट मुंबईचा आहे. १९३५ साली लिऑन अॅबी हा काळा अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक आला, टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. हा वेदरफर्ड पुढे कलकत्त्यास गेला आणि १९४५ साली तेथेच पटकीने वारला. स्वदेशात ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरता येत नव्हते, असे वादक या लोकांत होते. त्यांचे ऐकून आणि त्यांच्या शेजारी बसून येथील वादकांनी जॅझ उचलले. या वादकांत गोव्याचे ख्रिस्ती पुष्कळ होते, कारण गोव्यात चर्चच्या शाळेत मुलाला स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवीत. पोटासाठी मुंबईस आलेला गोवेकर धोबी तलावाच्या बाजूस आपल्या गावाच्या कुडात उतरे आणि हॉटेलात, मूकपटगृहात, क्लबात काम शोधी. मिकी कोरिया यांचा बँड ताजमध्ये १९३९ पासून सुमारे वीस वर्षे वाजला. रूडी कॉटन हा सॅक्सोफोनवाला तर पारशी, मूळचा कावसजी खटाव. हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ, चिक चॉकलेट या नावाने, हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून मिरवला.

पुढे दारूबंदी आली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलातील रात्रीचे नाच ओसरले. पण त्याआधीपासूनच हिंदी चित्रपटांचे स्टुडिओ या वादकांना बोलावीत होते. आता ते तेथेच स्थिरावले. पुणतांब्यास जन्मलेले आपले सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र चितळकर, यांच्या चालींस जो उसळता ठेका लाभला, त्यात चिक चॉकलेट आणि त्याच्या सोबत्यांचा हात होता. गिरणी कामगाराचा मुलगा असलेल्या मास्टर भगवान यांचा 'अलबेला' १९५१ साली आला. त्यात चिक चॉकलेट आणि त्याचे वादक झालरीचे सदरे घालून पडद्यावरच दिसतात. देवपुरातल्या वरातीत आजही 'अलबेला'ची गाणी वाजतात. म्हणजे न्यू ऑर्लिन्सचा ठेका ताजच्या दिवाणखान्यातून स्टुडिओत, स्टुडिओतून पडद्यावर आणि पडद्यावरून आप्पांच्या क्लॅरिनेटमध्ये आला. आप्पांना हे ठाऊक नव्हते. आम्हांसही नव्हते.

आता आमच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. स्टुडिओतल्या या वादकांचे नाव कोठे लागले? ध्वनिमुद्रिकेवर गायकाचे नाव असे, संगीत दिग्दर्शकाचे असे. शंभर वाद्यांची जुळणी कागदावर उतरवून देणारा, ती वाजवणारा, यांचे नाव बहुधा कोठेच नसे. यांतले एक माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. व्हायोलिनवादक आणि वाद्यमेळ रचणारे. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे गुरू. १९५८ साली त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून रागदारीवर रचलेले संगीत सादर केले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलाल यांनी एका गाण्यात गुरूंचे नाव गुंफले, आणि ते नाव साऱ्या देशाच्या तोंडी झाले. या सभागृहातील प्रत्येकास ते गाणे ठाऊक आहे. पण त्या नावाचा माणूस खरोखर होता, तो २०१२ साली वारला, आणि त्याचा चेहरा असा होता, हे किती जणांस ठाऊक आहे? येथे नाव उरले, चेहरा हरवला. आमच्या चोर बाजारातील पाकिटात चेहरे उरले होते, नावे हरवली होती. अकरा फोटोंच्या मागे मिळून एक शब्दही लिहिलेला नव्हता. संग्राहकाचे सारे काम या दोन टोकांची गाठ घालण्याचे आहे.

ही गाठ मोठ्या प्रमाणावर घातली जाते तेव्हा काय होते, त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे नरेश फर्नांडिस यांचा 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हा इंग्रजी ग्रंथ. २०१२ सालचा. मुंबईच्या जॅझचा इतिहास त्यात आहे, आणि तो पुष्कळसा वादकांच्या आठवणींतून आणि घराघरांतील आल्बमांतून उभा राहिला आहे. ज्या चेहऱ्यांस आपण 'मागचे बाजेवाले' म्हणून सोडून देत होतो, त्यांना त्यात नावे आहेत, गावे आहेत.

अमेरिकेत हे काम काही छायाचित्रकारांनी वादन चालू असतानाच केले. विल्यम गॉटलिब हा वर्तमानपत्रात जॅझवर लिहिणारा तरुण. पत्र छायाचित्रकाराचे पैसे देईना, म्हणून त्याने स्वतःच कॅमेरा घेतला. एकदा वापरला की फुकट जाणारे फ्लॅशचे बल्ब स्वतःच्या खिशातून घ्यायचे, म्हणून तो मोजकेच फोटो घेई आणि नेमक्या क्षणाची वाट पाही. १९३८ ते १९४८ या दहा वर्षांतील त्याची सुमारे सोळाशे छायाचित्रे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, लायब्ररी ऑफ काँग्रेसने, घेतली. त्याच्याच इच्छेनुसार २०१० साली ती सर्वांस वापरण्यास खुली झाली. पैशाची काटकसर करून उभे केलेले धन त्याने सर्वांच्या मालकीचे केले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

त्याहून जवळचा वाटतो मिल्ट हिंटन. हा स्वतः बास वाजवणारा, म्हणजे बँडमधला मागच्या रांगेचा माणूस. दौऱ्यावर जाताना तो कॅमेरा बरोबर ठेवी आणि आपल्याच सोबत्यांचे फोटो घेई: आगगाडीत झोपलेले, पत्ते खेळणारे, वाद्य पुसणारे. दक्षिणेतल्या स्थानकावर 'काळ्यांसाठी' अशी पाटी लागलेल्या दारापाशी उभे असलेले वादकही त्यात आहेत. त्याच्या संग्रहात साठ हजारांवर निगेटिव्ह जमल्या. बाहेरच्या छायाचित्रकाराला रंगमंच दिसतो. हिंटनला डबा, धर्मशाळा आणि मागचे दार दिसले.

संघटनेचा माणूस म्हणून येथे एक कबुलीही दिली पाहिजे. अमेरिकेतील वादकांची संघटना मोठी बलवान. ध्वनिमुद्रिकांमुळे वादकांचे काम जाते, त्याची भरपाई कंपन्यांनी द्यावी म्हणून १ ऑगस्ट १९४२ पासून तिने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. तो दोन वर्षांहून अधिक काळ चालला आणि कंपन्यांस नमावे लागले. त्या काळात जॅझमध्ये नवी शैली घडत होती, तिच्या फारच थोड्या मुद्रिका निघाल्या. म्हणून त्या वर्षांच्या छायाचित्रांस आज अधिक मोल आहे. पण हीच संघटना अनेक शहरांत गोऱ्यांची शाखा वेगळी आणि काळ्यांची वेगळी अशी वाटलेली होती. लॉस एंजेलिसमधील दोन शाखा एक झाल्या त्या १९५३ साली. कामगार चळवळीच्या आल्बममध्ये असेही फोटो असतात, आणि ते काढून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता ज्यांना हा छंद करावासा वाटेल त्यांच्यासाठी व्यवहाराच्या चार गोष्टी.

पहिली गोष्ट अस्सलपणाची. वादन झाले त्याच सुमारास निगेटिव्हवरून काढलेली प्रत ती जुनी प्रत. तिला किंमत येते. पन्नास वर्षांनी त्याच निगेटिव्हवरून काढलेली प्रत ती नवी. आणि पुस्तकातून छापून घेतलेले चित्र ते नुसते चित्र. घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग घ्यावे. कागदावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते छापखान्याचे काम समजावे. खऱ्या फोटोत ठिपके नसतात. जुन्या फोटोच्या गडद भागात, विशेषतः कडांना, तिरपे धरल्यावर आरशासारखी रुपेरी झाक दिसते. ती कागदातील चांदी वर आल्याची खूण. प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत कागद १९७० च्या आसपासपासून रुळला. आणि दुकानदाराकडे नोटा तपासण्याचा जांभळा दिवा असतो, त्याखाली फोटोची पाठ धरावी. १९५० नंतरच्या पुष्कळ कागदांत पांढरेपणासाठी घातलेले द्रव्य असते, ते निळसर चमकते. १९३५ सालचा म्हणून विकलेला फोटो तसा चमकला तर पैसे खिशात परत ठेवावेत. वादकाची सही असलेला फोटो तर दुप्पट संशयाने पाहावा, कारण फोटो खरा आणि सही खोटी असे सर्रास असते.

दुसरी गोष्ट पाठीची. फोटोची पुढची बाजू सारे पाहतात. संग्राहकाने आधी मागची पाहावी. स्टुडिओचा शिक्का, वर्तमानपत्राचा शिक्का, पेन्सिलीची टिपण, छापताना कोठे कापायचे त्याच्या रंगीत खुणा, या सर्व साक्षी आहेत. पुढच्या बाजूसही वाचण्यासारखे पुष्कळ असते. बँडच्या मोठ्या ढोलावर आणि स्वरलिपीच्या घोड्यांवर बहुधा बँडमास्तरचे नाव किंवा आद्याक्षरे रंगवलेली असत. आमच्या अकरांपैकी दोन फोटोंचा पत्ता आम्हांस ढोलानेच दिला.

तिसरी गोष्ट जपणुकीची. आपल्या धुळ्याचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पाठोपाठ पावसाळी दमट हवा येते. फोटोला दोन्ही मारक. पत्र्याखालच्या माळ्यावर फोटो ठेवू नयेत. आतल्या भिंतीशी असलेल्या कपाटात, मधल्या कप्प्यात ठेवावेत. टाचणी, रबर, सेलोटेप वर्ज्य. चिकट पानांचे आल्बम वर्ज्य. काचेला टेकवून मढवलेला फोटो काचेस चिकटतो, मध्ये पुठ्ठ्याची चौकट हवी. आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू नका. प्रेमापोटी लोक वडिलांचा एकमेव फोटो लॅमिनेट करून आणतात. तो मग कधीही मोकळा होत नाही आणि आत पिवळा पडत जातो. त्याची स्कॅन प्रत काढावी, ती हवी तशी मढवावी, आणि मूळ प्रत अंधारात विसावू द्यावी. प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. हर्मन लिओनर्ड हा जॅझचा नामांकित छायाचित्रकार न्यू ऑर्लिन्सला राहत होता. २००५ सालच्या कॅटरिना वादळात त्याच्या घरातील हजारो छापील प्रती पाण्यात गेल्या. निगेटिव्ह दुसरीकडे, संग्रहालयाच्या तिजोरीत होत्या, म्हणून त्याचे काम वाचले. पांझरेच्या काठी राहणाऱ्यांस पुराची गोष्ट अधिक फोडून सांगायला नको.

चौथी गोष्ट हक्काची. कागद विकत घेतला म्हणजे तो छापण्याचा हक्क विकत घेतला, असे होत नाही. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रासही छायाचित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे संरक्षण आहे. घरात पाहावा, मित्रांस दाखवावा; छापण्यापूर्वी विचारावे. आणि कायद्याने नव्हे तर माणुसकीने आणखी एक विचारावे: फोटोतल्या माणसाचे घरचे कोठे आहेत, त्यांच्याजवळ ही प्रत आहे का? नसली तर त्यांना एक द्यावी. आमच्या अकरांपैकी एक फोटो आज एका गोवेकर घराच्या भिंतीवर आहे. ती प्रत देताना आम्हांस जे समाधान मिळाले ते विकत घेताना मिळाले नव्हते.

धुळ्याच्या माणसाला संग्रहाचे हे शास्त्र परके नाही. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे जमवीत गेले आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापीत गेले. १९२६ च्या अखेरच्या दिवशी ते आपल्याच धुळ्यात वारले, आणि लगोलग १९२७ साली त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. कागद कोणाचा, कोणत्या घरात, कोणत्या गावी मिळाला, हे समजल्यावाचून कागद बोलत नाही, हा इतिहासकाराचा पहिला धडा. फोटोचेही तेच. आणि छायाचित्रकलेचे म्हणाल, तर चाळीसगाव स्थानकाजवळच्या घरात केकी मूस यांनी आयुष्यभर एकट्याने जी साधना केली ती पाहण्यास आजही लोक येतात. १९८९ साली ते गेले; घर राहिले, चित्रे राहिली, कारण ती कोणाची हे ठाऊक असलेले लोक मागे होते.

हे सारे शहाणपण आम्ही लोकांस सांगत असू. आता त्याची परीक्षा कशी झाली ते सांगून संपवतो.

काही वर्षांपूर्वी आप्पा आमच्याकडे आले. दम लागू लागला होता, क्लॅरिनेट सुटले होते. वृद्ध कलावंतांस शासनाचे मानधन मिळते, त्यासाठी अर्ज करायचा होता. इतकी वर्षे कला केली याचा पुरावा हवा. आप्पांनी एक फोटो पुढे केला: तीस वर्षांपूर्वीचा, बँडवाल्यांच्या मेळाव्याचा, गणवेशातील सतरा माणसे, मधल्या रांगेत क्लॅरिनेट घेऊन आप्पा. एका कार्यालयात त्यांना विचारले होते, "यात तुम्ही कोणते? कशावरून? साल कोणते?" तरुणपणीचा तो चेहरा आणि समोरचा खोल गेलेला चेहरा यांत साम्य कोणास दिसणार!

श्रोतेहो, तो मेळावा आमच्या संघटनेचा होता. फोटो आम्हीच काढवला होता. आम्ही तो उलटा केला. मागे कोरे होते. शिक्का नाही, तारीख नाही, नाव नाही. चोर बाजारातल्या अनोळखी दुकानदारास पंधरा वर्षे आम्ही मनातल्या मनात नावे ठेवत होतो. आपल्या माणसांचे आम्ही तेच केले होते. वर्गणीच्या पावत्या आम्ही जपल्या, ठरावांच्या वह्या जपल्या, आणि ज्यांच्यासाठी ते ठराव होते त्यांच्या चेहऱ्यांवर नावे लिहिण्यास आम्हांस पाच मिनिटे मिळाली नाहीत.

त्या आठवड्यात आम्ही त्या फोटोतील हयात असलेल्या चौघांस एकत्र बसवले. दोन रात्री ते बसले. एक जण कान पाहून ओळखी, एक जण उभे राहण्याची ढब पाहून. आप्पा तर वाद्य धरण्याच्या पद्धतीवरून माणूस सांगत: हा युफोनियम पोटावर टेकवून धरायचा, म्हणजे अमुक. साल निघाले ते गणवेशावरून. तो नवा शिवला त्या वर्षीची शिंप्याची पावती आमच्या दप्तरात होती. सतरांपैकी पंधरा नावे मिळाली. ती आम्ही रांगेप्रमाणे, डावीकडून उजवीकडे, मऊ पेन्सिलीने मागे लिहिली. चौघांच्या साक्षीचे पत्र जोडले. अकरा महिन्यांनी आप्पांचे मानधन सुरू झाले.

दोन चेहरे राहिले. मागच्या रांगेत, झांज घेतलेला एक आणि त्याच्या शेजारी ढोल गळ्यात अडकवलेला, अंगाने किरकोळ, बहुधा पोरसवदा. कोणालाच आठवेना. त्यांच्या जागी आम्ही रेघ ओढून ठेवली आहे. आज या सभागृहात तो फोटो आम्ही बरोबर आणला आहे. व्याख्यानानंतर दारापाशी मेजावर ठेवू. बँडवाल्यांच्या घरचे कोणी येथे असतील तर त्यांनी तो पाहावा, आणि त्या दोघांपैकी कोणी ओळखू आला तर आम्हांस सांगावे. पेन्सिल मेजावरच आहे.

आणि घरी गेल्यावर आपल्या कपाटातील एखादा जुना समूहफोटो काढावा. शाळेचा असो, गिरणीचा असो, लग्नाचा असो. घरातील सर्वांत वडीलधारे माणूस जागे असेल तर आज रात्रीच त्याच्यापुढे ठेवावा, आणि ते बोट ठेवून सांगेल ती नावे मागे लिहावीत.